चौथा इंजेक्टर

प्रीतमची गाडी पुन्हा झटके खाणार हे हिंदुरावांना ठाऊक होतं, कारण इंजिनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर आधी दोनदा साफ करून देताना चौथा त्यांनी दोन्ही वेळा मुद्दाम तसाच तुंबलेला ठेवला होता.

लगेच त्यांना लबाड ठरवायची घाई नको. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस, अर्धवट काम त्यांना घासातल्या खड्यासारखं लागायचं. पण बायको, विठाबाई, गेल्या, मुलगा बंगळूरला, आणि मांजर्लीतल्या तळमजल्यावरच्या घरात बोलायचं तर टीव्हीशी. टीव्हीला उलट उत्तरं तरी माणूस किती देणार?

मागच्या गॅलरीत त्यांचं कामाचं टेबल होतं. इंजेक्टरला नळीने क्लीनरचा डबा जोडायचा, खाली काचेची बरणी ठेवायची आणि बॅटरीचं बटण दाबायचं. साफ इंजेक्टर बारीक फवारा सोडतो, तुंबलेला एका बाजूला पिचकारी मारतो. दोन्ही हात अडकलेले, म्हणून बटणाच्या जागी त्यांनी विठाबाईंच्या शिलाई मशीनचं पेडल जोडून घेतलं होतं. पायाने दाबलं की झालं. मात्र शेजारच्या सोसायटीतला प्रीतम येणार असला की पेडल पलंगाखाली जायचं आणि जुनं बटण परत जोडलं जायचं. मग बटण दाबायला त्याला बसावंच लागे.

त्या रविवारी तो आला तो वैतागूनच.

“काका, परत मिसिंग मारतेय ओ.”

“पेट्रोलच भंगार मिळतं हल्ली,” हिंदुराव म्हणाले आणि चहा गाळायला वळले. खोटं बोलताना हातात गाळणी असलेली बरी.

काम सुरू झालं. “दाबू?” “दाब.” “सोडू?” “सोड.” मधे मधे प्रीतम शहाडच्या त्याच्या कंपनीतल्या साहेबाच्या नकला करत होता. हिंदुराव हसत होते. तीन इंजेक्टर झाले.

“या टायमाला पक्कं करा काका,” प्रीतम म्हणाला. “तेजस्वीला नववा लागलाय, कधी पण निघायला लागेल. परवा शिवमंदिराजवळ गाडी बंद पडली. ती एवढं पोट घेऊन उन्हात उभी, वर मलाच विचारते, धक्का मारू का.”

हिंदुरावांच्या हातातला डबा खाली आला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की प्रीतमकडे बघवेना.

“चौथा दे इकडे,” ते म्हणाले.

इंजेक्टरच्या तोंडावर काळी खपली बसली होती. त्यांनी तो क्लीनरमध्ये भिजवला, धुतला, उलटा करून धुतला, पुन्हा भिजवला. चहा निवून त्यावर साय आली. शेवटी चौथ्यानेही बाकीच्यांसारखा सरळ, बारीक फवारा सोडला. गाडी सुरू केली तर चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागलं.

“एक नंबर काका. आता परत यायलाच नको.”

“नको,” हिंदुराव म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. इतकं एकटं त्यांना विठाबाईंच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. तेव्हा घरात माणसं तरी होती.

काही दिवसांनी मोबाइलवर प्रीतमचा निरोप आला. ‘मुलगी झाली काका. पहाटे निघालो, गाडी एकदा पण अडली नाय. तुमची कृपा.’ सोबत दुपट्यातल्या बाळाचा फोटो होता. हिंदुरावांनी तो मोठा करून पाहिला, आणि त्यांना खरंच आनंद झाला. नंतरच्या रविवारी कोणी आलं नाही. तान्हं बाळ घरात असताना येणार तरी कोण?

दुपारी त्यांनी स्वतःच्या गाडीचे इंजेक्टर काढून टेबलावर मांडले. ती गाडी महिनोन्महिने जागची हलली नव्हती, इंजेक्टरना काही झालंही नव्हतं. ते वाकले, पलंगाखालून पेडल ओढून काढलं आणि त्यावरची धूळ बनियनला पुसली.

“दाबू?” त्यांनी विचारलं.

“दाब,” त्यांनीच सांगितलं, आणि पाय टेकवला.