पाहुणा वरच अडकला

सव्वा वर्षाच्या अर्णवचं उजवं वृषण पोटातून खाली उतरलेलं नव्हतं, एवढीच गोष्ट. पण त्याच्या आजीने, मुक्ताईंनी, तो शब्द घरात कुणाला उच्चारू दिला नाही. "चारचौघांत असलं काय बोलायचं? पाहुणा म्हणा." तेव्हापासून अर्णवचा बाबा बद्रीनाथ आपल्या बायकोशी, श्रद्धाशीही पाहुण्याबद्दलच बोलायचा. नाव बदललं तरी काळजी तीच होती. सोनोग्राफीत पाहुणा दिसला नव्हता. मुळात आहे की नाही, हे पोटात दुर्बीण घातल्यावरच कळणार होतं.

ऑपरेशनच्या दिवशी दोघं कर्वेनगरच्या हॉस्पिटलात थिएटरबाहेर बसली. मुक्ताई धायरीला घरीच, देवापाशी. शेजारणीने चौकशी केली तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पाहुणा वरच अडकलाय हो. खाली उतरायचं नाव घेत नाही. डॉक्टर दुर्बीण लावून बघतायत."

झालं. सोसायटीला तेवढं पुरलं. गच्चीवरून कुणीतरी उडी मारतोय म्हणून खाली चादरी ताणल्या गेल्या. गच्चीवर कुणी पापड वाळत घातलेलेही न खपणारे चेअरमन संभाजीराव स्वतः वर धावले आणि तिथूनच त्यांनी बद्रीनाथला फोन लावला.

"अहो, सगळीकडे बघितलं. तुमचा पाहुणा नाहीच."

बद्रीनाथ ताडकन उभा राहिला. अर्णवच्या पोटात संभाजीराव कसे काय डोकावले, हा प्रश्न त्या बिचाऱ्याला पडलाच नाही.

"नीट बघा ना काका," तो रडत म्हणाला. "जांघेपाशी असेल."

"टाकीपाशी? टाकीत वाकून बघितलं मी."

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सापडलं. पोटातच होतं, चांगलं आहे. खाली आणून बसवलंय."

श्रद्धाने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले. बद्रीनाथला हसावं की रडावं कळेना. "काका, उतरला," तो फोनमध्ये म्हणाला.

"कुठून उतरला? अख्खी सोसायटी चादरी धरून उभी आहे."

आता मात्र बद्रीनाथला त्या पाहुण्याचा मनापासून वीट आला. "पाहुणा कसला काका, आमच्या अर्णवचं वृषण. पोटात राहिलं होतं, आज दुर्बिणीने खाली आणलं," तो सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं म्हणाला.

पलीकडून "चादरी सोडा रे" अशी खाली मारलेली हाक ऐकू आली. मग संभाजीराव बोलले, पण आवाज चेअरमनचा नव्हता.

"माझी दोन्ही वरच राहिली, बद्रीनाथ. लाजेपायी कुणी दाखवायलाच नेलं नाही."