हळू बोलायला शिकलेला डबा

मी एक जुना साउंडबॉक्स आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, तरी ऐकलं नक्की असेल. दुकानात मोबाइलने पैसे दिले की "पचास रुपये प्राप्त हुए" असं जो बोलतो, तो मी. माझ्या पोटात एक सिमकार्ड, एक बॅटरी आणि लहानसा स्पीकर आहे. 'पचास' आणि 'रुपये' हे शब्द माझ्यात वेगवेगळे भरलेले आहेत; बँकेकडून निरोप आला की मी ते जोडून बोलतो.

माझी पहिली नोकरी रायपूरच्या गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानात होती. पातेल्यांच्या खणखणाटात ऐकू जायचं म्हणजे पूर्ण आवाजात ओरडावं लागे. मालक माझं कौतुक करत. पुढे त्यांनी छोटा स्क्रीन असलेला नवा डबा आणला आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

मग त्यांनी मला पुरानी बस्तीतल्या अंध मुलांच्या वाचनालयाला देऊन टाकलं. कंपनीच्या माणसाने मला तिथल्या खात्याशी जोडलं. देणग्यांचं टेबल दीपमालाताई सांभाळते. तिला दिसत नाही, म्हणून पैसे आल्याचं सांगणारा कोणीतरी तिला हवाच होता. परीक्षेआधी मुलांच्या सरावासाठी ब्रेलचा जाड कागद घ्यायचा होता, आणि तो देणग्यांतूनच यायचा होता.

मी जीव तोडून ओरडू लागलो. सदर बाजारातले शिशिरबाबू तर हजाराची देणगी पाचशे-पाचशे करून देत, म्हणजे ती दोनदा ऐकू येई. पण रोज दहा-वीस रुपये देणारे हळूहळू कमी झाले. रेल्वेतून निवृत्त झालेले तुळशीरामकाकाही येईनात. कागद अर्धाच आला.

एका सकाळी ताईने चपलांच्या आवाजावरून काकांना ओळखलं आणि दारातून हाक मारली. "काका, काहून येत नाही आजकाल? नाराज आहे का?"

"नाराज नाही वं बाई. मी दहा रुपये टाकतो, अन् हे डबडं साऱ्या पाऱ्याले, पुऱ्या मोहल्ल्याले सांगते. मांगचा माणूस पाचशे देऊन राहिला असते. लाज वाटते. दान कसं गुपचूप पाहिजे."

"पण हा बोललाच नाही, तर पैसे आले का नाही, मले कसं समजणार?"

काका म्हणाले, "हव, हे मी सोचलंच नोतं. मंग याले जरा हळू बोलाले लाव ना. तुले ऐकू आलं म्हणजे झालं."

माझ्या कडेला आवाज कमी करायचं बटण आहे. इतक्या दिवसांत ते कोणी दाबलंच नव्हतं. ताईने ते दाबत दाबत मला अगदी हळू केलं आणि कानाशी धरलं. काकांनी मोबाइलने दहा रुपये टाकले. मी कुजबुजलो. ताईने मान डोलावली.

काकांनी शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "नत्थू, काही ऐकू आलं का रे?"

"काय?" नत्थू म्हणाला.

"जमलं," म्हणत काकांनी आणखी दहा टाकले. "हे कालचे."

ही बातमी मात्र काकांनी स्वतःच साऱ्या पाऱ्याला सांगितली. जुने लोक परत आले, नवेही आले. शिशिरबाबूंनी विचारलं, "बंद पडला का हा?"

"नाही बाबूजी, मले ऐकू आलं."

ते जरा हिरमुसले. पुढच्या वेळी मात्र हजार एकदमच दिले.

आता सगळा कागद आला आहे. मुलं सराव करतात तेव्हा कागदावर बोटं फिरल्याची बारीक सरसर मला टेबलावरून ऐकू येते. पूर्वीच्या माझ्या ओरडण्यात ती कधीच ऐकू आली नसती.

मित्रांनो, मला वेळेवर चार्ज करा, क्यूआर कोडवरची धूळ पुसत जा. आणि जिथे कोणी गुपचूप काही देत असेल, तिथे माझ्या कडेचं ते बटण तेवढं शोधा.