चौथ्या पटावरची बरोबरी

नवऱ्याला भित्रा म्हणायची मला एकोणचाळीस वर्षांची सवय. भांडण भाजीतल्या मिठावरून सुरू होवो की लाइट बिलावरून, माझा शेवटचा वार ठरलेला: "तुमच्यानं काय होते? तुम्ही तर हातातला डाव सोडला!" आमचे अंबादास यावर कधी बोलले नाहीत. ताटातलं संपवायचे आणि उठून जायचे.

तो डाव १९८६ चा. संरक्षण कारखान्यांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा, शेवटची फेरी. आमच्या जबलपूरच्या कारखान्याचे तीन डाव संपले होते. चौथ्या पटावर हे. जिंकले तर सोनं, हरले तर हात हलवत परत. ह्यांनी बरोबरी घेतली आणि चांदी आली. बरोबरीला अर्धाच गुण, म्हणून कारखान्यात ह्यांना 'आधा पॉइंट' म्हणायला लागले ते रिटायर होईपर्यंत. भाजी आणायला कमानिया गेटला गेले तरी कोणीतरी मागून ओरडायचं. माझाही जीव जळायचा, पण घरी येऊन मीही तेच करायची.

यंदा त्याच कारखान्यानं त्याच स्पर्धेत पहिल्यांदाच सोनं आणलं, आणि पहिल्या पटावर कोण? तिथेच नोकरीला लागलेली आमची नात यशोधरा! रविवारी सकाळी सत्कार होता. मी नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसले. शेजारी हे. ह्यांच्या पलीकडे गौतमजी, शहाऐंशीच्या संघाचे कप्तान आणि कारखान्यात ह्यांच्याच सेक्शनचे चार्जमन, म्हणजे ह्यांचे साहेब. आता ब्याऐंशीचे, काठी टेकत चालणारे.

संघातल्या अंकुरनं हौसेनं पडद्यावर तक्ता लावला. जुना संघ विरुद्ध नवा संघ. जुने डाव त्यानं कॉम्प्युटरकडून तपासून घेतले होते. अचूक चाली नव्या संघाच्या ब्याण्णव टक्के, जुन्याच्या एकाहत्तर.

"और ये देखिए," अंकुर हसत म्हणाला, "अंबादास काकाजींचा शेवटचा डाव. कॉम्प्युटर बोलून राहिला, इथे काकाजींची साफ जीत होती. काकाजींना दिसलीच नाही!"

सगळा हॉल हसला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घरी मी काय वाट्टेल ते बोलेन, पण चारचौघांत माझ्या माणसाला हसणारे हे कोण?

हे उठले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरून उठला आणि थेट मंचावर गेला.

"मी बरोबरी घेतली तिथून तोच डाव मांड पटावर," हे म्हणाले. "यशोधरा, काळे तू घे. कॉम्प्युटर बंद कर रे."

यशोधरा घाबरली. "आबाजी, मी खरंच खेळू?"

"पूरा जोर लावून खेळ. सोडलं तर रागावीन."

तिसऱ्याच चालीला ह्यांनी आपला हत्ती फुकट देऊन टाकला. मागून कोणीतरी "अरे अरे!" केलं. यशोधरानं हत्ती खाल्ला, मग कपाळाला हात लावून कितीतरी वेळ बसली. हे मात्र तिची चाल झाली रे झाली की आपली करत होते, विचाराला थांबतच नव्हते. ह्यांचं एक प्यादं पुढे सरकत राहिलं आणि तिच्या राजाला काही ते गाठता येईना. अकराव्या चालीला त्याचा वजीर झाला. पोरीनं हात पुढे केला. "हरले, आबाजी."

आता कोणी हसलं नाही. अंकुरचा चेहरा उतरला होता. "काकाजी, तुम्हाला सगळं पाठ आहे. मग तेव्हा सोडला काहून?"

हे पटावरचे मोहरे गोळा करायला लागले, घरी ताटावरून उठून जायचे तसेच.

"त्याले काय विचारता!" गौतमजी काठीवर भार देत उभे राहिले. "बरोबरी घे म्हणून मी सांगितलं. कप्तानले तेवढं सांगता येते. यानं मान हलवून नाही म्हटलं. मी सेक्शनमध्ये वटारायचो तसे डोळे वटारले. चार्जमनचा हुकूम हा कसा मोडणार? जीत मले दिसली नव्हती, याले दिसली होती. लोकं याले नावं ठेवून राहिले अन् मी चूप राहिलो. माफ कर, अंबादास."

हे मंचावरून खाली आले, साहेबांना धरून खुर्चीत बसवलं. "साहेब, माझं ऐकलं असतं तर पोरीचं सोनं आज कारखान्याचं पहिलं नाही, दुसरं असतं!" म्हणाले आणि हसले. मोठ्यानं, पोट धरून. लग्नानंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांत हसायचे तसे. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. पोरं त्यांना खांद्यावर घ्यायला धावली तर म्हणतात, "गुडघे सांभाळा रे!"

मला रडू आवरेना. मी सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला. "मले तरी सांगायचं होतं न जी."

"तुले सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर दुसऱ्याच दिवशी तू साहेबाच्या दारात जाऊन भांडली असती."

भांडले असते. खरंच भांडले असते. तिथल्या तिथे मी त्यांना म्हटलं, "चुकलं माझं," आणि टाळ्यांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडून म्हटलं.