मागचा डावा दरवाजा

नत्थूजीनं स्क्रू काढून दरवाजाचा आतला पुठ्ठा ओढला, आत हात घातला आणि चांगलाच वैतागला. हँडलला कुलपाशी जोडणारी सळई जागेवर नव्हतीच. तुटली असती तर तुकडा तरी सापडला असता. कोणत्या गाढवानं हे केलं, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

गाडी कंत्राटदार मधुकररावांची. कार्बोरेटर साफ करायला देऊन ते सक्करदऱ्याच्या तलावाकडे एक प्लॉट पाहायला गेले होते. बायकोला, प्रेमिलाबाईंना, भर मे महिन्यात मागच्या सीटवर बसवून गेले होते. नत्थूजी पाणी द्यायला गेला तेव्हा त्याला दिसलं, काच चार बोटंच खाली आहे आणि ती फिरवायची मूठ गायब आहे. त्यानं दरवाजा बाहेरून उघडला. दोन्ही बाजूंचे आतून उघडत नाहीत, असं बाई म्हणाल्या.

"एखादा तरी उघडला पायजे, भाऊ. मंगळवारच्या आत."

मंगळवारीच काहून, असं त्यानं विचारलं. तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. साहेब त्यांना घरी एकटं ठेवत नाहीत, दर मंगळवारी उमरेडपलीकडच्या वीटभट्टीवर सोबत नेतात. उमरेडच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबते. तिथून माहेर हाकेच्या अंतरावर. घरात अजून दोन माग चालतात. पण दोन वर्षांत बाईंचा पाय तिथं लागलेला नाही. आईनं अंथरूण धरलंय, आता दिवस मोजायचे, असं भावाचं पोस्टकार्ड आलं होतं.

"मायचं तोंड एकदा पाहू द्या मले. सायबाले सांगू नका."

नत्थूजीला गलबलून आलं. मनानं माणूस वाईट नव्हताच. जुन्या भंगारातली एक सळई वाकवून त्यानं बेताची केली, बसवली, तेल सोडलं. बाईंनी आत बसून हँडल ओढलं. दरवाजा उघडला. त्यांनी तो लावून पुन्हा उघडला, मग पुन्हा. तेवढ्या वेळात त्या किती हसल्या, काय सांगावं.

मधुकरराव आले. इंजिन चालू करून त्यांनी कान दिला आणि तोंड वाकडं केलं. आवाजात मजा नाही म्हणाले. धंतोलीतला त्यांचा नेहमीचा मेकॅनिक हेच काम अर्ध्या वेळात करतो, त्याच्यासारखा हात नाही तुमचा, असंही गोड आवाजात ऐकवलं.

झालं, नत्थूजीच्या नाकाला मिरची झोंबली. "त्याच धंतोलीवाल्यानं मांगच्या दरवाजाची सळई खाल्ली नं, सायेब! मी बसवली. आता आतून उघडते."

बोलला आणि जीभ चावली. पण बोलून चुकला होता.

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं नाही. इंजिन बंद केलं.

"ती मीच काढायला लावली होती. तुम्ही काढा आता."

"राहू द्या नं, सायेब. काय बिघडते?"

"माझे चार ट्रक तुमच्याकडेच पाठवायचं मनात होतं, नत्थूजी."

नत्थूजीनं स्क्रूड्रायव्हर घेतला. बाई गुडघे जवळ घेऊन सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, त्याला हात घालायला जागा व्हावी म्हणून.

पुठ्ठा परत बसला. मधुकररावांनी बाहेरून दरवाजा लावला आणि बायकोला म्हणाले, "बघ बरं, उघडतो का."

प्रेमिलाबाईंनी हँडल ओढलं. "नाही उघडत," त्या म्हणाल्या.

"जोर लावून बघ."

त्यांनी जोर लावून पाहिलं.

मधुकररावांनी नत्थूजीच्या खांद्यावर हात ठेवला. काम साफ आहे म्हणाले, धंतोलीवाल्याला जमलं नसतं इतकं साफ. आणि शरमेनं मेल्यासारखं व्हायच्या जागी नत्थूजीला बरं वाटलं.