काळ्या टोपीवरची तीट

अहमदभाई मुकादमांची डॅटसन नावड्याच्या फाट्यावर वळली की कान्हा म्हात्रेच्या हातातला पाना थांबायचा. सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर, चौऱ्याहत्तरचं मॉडेल. भाईंनी ती कुवेतहून आणली तेव्हा तळोज्याच्या रस्त्यावर मोटारी कमी आणि बैलगाड्या जास्त होत्या. तेव्हापासून चौदा वर्षं त्या बॉनेटखाली कान्हाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. गाडीची दुसरी किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असायची. बायको, यशोदाबाई, म्हणायची, "उद्या मी खाडीत बुडाले, तर तुमी अदुगर किल्ली चाचपाल, मंग मना." कान्हा यावर कधी हसला नाही, कारण ते खरं होतं.

दिवाळीला आठवडा उरला असताना गाडी फाट्यावर वळली ती खोकतच. फट्, मग दम, मग पुन्हा फट् फट्. आणि स्टिअरिंगवर भाई नव्हते. अल्तमश होता.

अल्तमश म्हणजे भाईंच्या मावसबहिणीचा पोरगा. सहा वर्षं मस्कतमध्ये शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात काढली आणि गणपतीच्या सुमारास परत आला. आल्या आल्या बेलापूरच्या सीबीडीत गॅरेज काढलं. काचेचा दरवाजा आणि खाली लाद्या! लाद्या देवघरात बसवतात, नाहीतर मोरीत. ऑइल सांडायच्या जागी कोण बसवतो? कान्हा हे सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि मग एक दिवस बेलापूरला जाऊन, समोरच्या पानटपरीआड उभा राहून, त्या लाद्या अर्धा तास बघून आला होता.

तो जळत होता. उगाच गुळमुळीत शब्द शोधण्यात अर्थ नाही. नवी मुंबईच्या प्रकल्पात बापाची जमीन गेली तेव्हा कान्हा एवढा जळला नव्हता. जमीन सगळ्या गावाची गेली होती. गाडी फक्त त्याची जाणार होती.

"कान्हा," भाई दुसऱ्या बाजूने उतरत म्हणाले, "दसऱ्यापासून तीन वेळा तुझ्याकडे आणली. तुझी मेहनत दिसते मला. पण हे मिसिंग, हे खोकणं, जात नाही. म्हटलं, पोराला एकदा दाखवू."

"दाखवा की." कान्हाने हात पुसले. हात आधीच स्वच्छ होते.

"सलाम काका," अल्तमश म्हणाला. "टेन्शन घेऊ नका, मी फक्त बघतो."

"टेन्शन कसलं? बघ. बघायला काय टॅक्स हाय?"

भाई खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "निघालं काही, तर पुढचं याच्याकडेच करू, कान्हा. तुझेही डोळे आता... आणि ती किल्ली..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कान्हाचा हात मात्र आपोआप कमरेला गेला.

"काय काय बदललंत, काका?" अल्तमशने विचारलं.

कान्हाने बोटांवर मोजायला घेतलं. प्लग नवे. पॉइंट नवे. कंडेन्सर नवा. कॉइल दुसऱ्या गाडीची लावून बघितली. दोन्ही कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. टाकी धुतली. "आनि वायरी पन नव्या. आता इंजिनाच्या आईबापाला बदलायचं ऱ्हायलंय."

"आणि कॅप?"

कॅप म्हणजे डिस्ट्रिब्युटरची टोपी. मधल्या नळीतून करंट आत घ्यायचा आणि सहा सिलिंडरांच्या सहा वायरींना एकामागून एक वाटायचा, एवढंच तिचं काम. कान्हा तिला टोपीच म्हणायचा.

"टोपी कोरी हाय. श्रावनात टाकलीय मीच. तिला हात लावायचं काम नाय."

तो जरा मोठ्याने बोलला. यशोदाबाईने पडवीतून मान वर करून बघितलं.

अल्तमशने वाद घातला नाही. इंजिन चालू ठेवून तो एकेका प्लगची वायर रबरी पकडीने उपटू लागला. पहिली काढली, इंजिन लंगडलं. परत लावली, सावरलं. दुसरी काढली, काही फरक नाही. तिसरी, लंगडलं. चौथी, काही नाही. पाचवी आणि सहावी, दोन्हींना लंगडलं.

"दोन आणि चार काम करत नाहीत," तो म्हणाला.

ही परीक्षा कान्हाने तीनदा केली होती आणि तीनदा उत्तर हेच आलं होतं. पण त्याच्या तोंडून उत्तर आलं तेव्हा ते कुणी ऐकलं नव्हतं. पोराच्या तोंडून आलं तेव्हा भाईंनी मान डोलावली. 

"मना म्हायती हाय दोन आनि चार! पन कशापायी, ते सांग ना. का मस्कतला तेवढंच शिकवलं?"

"करंट कुठेतरी बाहेर पळतोय, काका. उजेडात दिसणार नाही. अंधार पाहिजे. तिकडे आमची एक काळी खोली होती."

"काळी खोली!" कान्हा भाईंकडे वळला. "ऐकलंत? काळी खोली पायजेल याला. यशोदे, गोधडी आन!"

ही त्याची जुनी युक्ती होती. भर दुपारी गोधडी पांघरून इंजिनावर वाकायचं, आत रात्र होते. फॅन गोधडी ओढून घेतो, म्हणून त्याने आधी फॅनचा पट्टा काढला. पट्ट्याशिवाय इंजिन दोनच मिनिटं चालवायचं, नाहीतर तापतं. हेही त्याने अल्तमशला ऐकवलं. पोरगा "वा, काका" म्हणाला. खरंच म्हणाला, आणि तेच कान्हाला झोंबलं. नालायक असता तर किती बरं झालं असतं.

यशोदाबाईने दोघांच्या डोक्यावरून गोधडी टाकली आणि कडा दाबून धरल्या. "आता आत भांडू नका, गोधडी माझ्या आईची हाय." भाईंनी इंजिन चालू करून हळूच रेस दिली.

आत पेट्रोलचा वास, दोघांचे श्वास आणि मिट्ट काळोख. आधी काहीच नाही. मग डिस्ट्रिब्युटरच्या मागच्या अंगाला, इंजिनाकडच्या बाजूला, निळं काहीतरी फुललं.

ती फुली होती. दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. मधल्या नळीपासून निघून दोन आणि चारच्या नळ्यांपर्यंत करंट त्या रेघांवरून मुंग्यांसारखा तुरुतुरु पळत होता. निळी, नीटस, अंगठ्याएवढी फुली.

ती फुली कान्हाने ओळखली.

दसऱ्याला दर वर्षी तो भाईंच्या गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा, बॉनेटवर कुंकू लावायचा. भाई हसून पेढा खायचे. यंदा ऐन पूजेच्या वेळी अल्तमश भाईंबरोबर आला, बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काय मशीन आहे, मामू!" कान्हाने ती नजर ओळखली. ती त्याची स्वतःचीच होती, चौदा वर्षांपूर्वीची. दोघं सरबत प्यायला पडवीत गेले, तेव्हा त्याने निरांजनाच्या काजळीत तूप कालवून गाडीला तीट लावली. बाहेर लावली तर लोक हसतील. म्हणून इंजिनाचं डोकं असलेल्या त्या टोपीवर, मागच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशी फुली मारली. काळ्यावर काळं. आणि तीट पुसायची नसते, म्हणून सगळं बदललं तरी टोपीला हात लावला नाही.

काजळी म्हणजे कार्बन. कार्बनमधून करंट जातो, हे त्याने पंचवीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. तूप गरमीने उतरलं, उरला कार्बनचा रस्ता. या पोराची दृष्ट लागू नये म्हणून त्याने स्वतःच्या बोटाने गाडीचा गळा दाबला होता.

"काय दिसलं का रे?" बाहेरून भाईंचा आवाज आला.

अल्तमश कानाशी कुजबुजला, "काका, ही तर तीट आहे ना? माझी अम्मी पण लावते बाळांना." मग जरा थांबून, "कॅपला तडा गेलाय म्हणून सांगतो मी. पार्ट खराब निघाला, एवढंच. चालेल?"

चालेल? कान्हाला वाटलं याला इथेच, या गोधडीत, आवळावा. पोराने गाडी घेतली होती, भाई घेतले होते, आता त्याची लाजसुद्धा उचलून स्वतःच्या खिशात टाकत होता. आयुष्यभर ही मेहेरबानी अंगावर वागवायची? सीबीडीच्या लाद्यांवरून चालताना प्रत्येक वेळी आठवायची?

त्याने गोधडी फेकून दिली.

"इंजिन बंद करा, भाई. टोपी चांगली हाय. मी तिच्यावर काजळाची फुली मारली दसऱ्याला, करंट तिथून पळतोय."

"फुली? ती कशाला?"

"दृष्ट लागू नये म्हनून."

"कोणाची दृष्ट?"

"याची." कान्हाने अल्तमशकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या कोनाची?"

 यशोदाबाईच आधी पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्यामागून अल्तमश हसला. भाई हसले नाहीत. "चौदा वर्षं, कान्हा," एवढंच म्हणाले. रागाने की मायेने, ते कान्हाला कळलं नाही.

टोपी कान्हानेच काढली. पेट्रोलने पुसली, ब्लेडने जळकी रेघ खरवडली, वर वॉर्निशचा हात दिला. अल्तमशने फक्त वायरी धरल्या. वॉर्निश सुकल्यावर कान्हाने फॅनचा पट्टा चढवला आणि इंजिन चालू केलं. सहाही सिलिंडर एका सुरात बोलू लागले.

"तात्पुरतं हाय," कान्हा म्हणाला. "टोपी बदलावीच लागल. मिळल तुज्याकडं?"

"आहे, काका. सीबीडीला चला, लगेच बसवू."

"मी नाय येत." त्याने सदरा वर केला आणि करगोट्याची गाठ सोडायला लागला. चौदा वर्षांची गाठ, सुटेना. शेवटी ब्लेडने कापली. किल्ली पोराच्या हातात ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

"थंडीत चोक अर्धाच ओढायचा. पुरा ओढलास तर रुसते."

"अर्धाच," अल्तमश म्हणाला.

भाई शेजारी बसले आणि गाडी निघाली. कान्हा फाट्यापर्यंत चालत गेला. दुसरा गियर पडला, तिसरा पडला. डोळे मिटून तो ऐकत राहिला. एक तरी फट्. देवा, एकच. मंग मी मागं धावत जाईन.

आवाज एकसंध होता. खाडीच्या वाऱ्यातसुद्धा कितीतरी वेळ, लांबवर, ऐकू येत राहिला, आणि कुठेच चुकला नाही.