गरमागरम बोबड्या

संध्याकाळच्या भाषावर्गात एक पाववाला होता. परमुलखातून आलेला, भट्टीपुढे वाघ. पण चारचौघांत उभा केला की त्याचे गुडघे असे आपटायचे, की खालच्या मजल्यावरचे लोक सुतार आला समजून मोडकं कपाट वर घेऊन यायचे. खोटं वाटत असेल तर त्या कपाटाला विचारा.

परीक्षेला सभागृहात पाच मिनिटं बोलायचं होतं. मागच्या खेपेला तो नापास झालेला. यंदाही गप्प राहिला तर वर्गातून नाव कमी. त्यातून पहिल्या रांगेत सासूबाई बसणार. त्या लेकीला रोज विचारायच्या, "अगं, नवरा निवडलास की खांब?"

वर्गात या भीतीवर ज्याचा त्याचा उतारा होता. नर्सबाई भिंतीपुढे बोलायच्या; भिंत हल्ली हुंकार द्यायला लागली होती. टॅक्सीवाला आरशापुढे बोलायचा. शेवटी आरशानेच तोंड फिरवलं. पाववाल्याला मात्र काही लागू पडेना.

आदल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "खरं सांगा, लोकांसमोर तुमची बोबडी वळते ना?"

त्याचा चेहरा खुलला. वळणं तर त्याच्या हातचा मळ. "वळते की, बाई. किती पाहिजे?"

"भरपूर वळा," बाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, गडी थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी तो मोठा ट्रे घेऊनच मंचावर चढला. "मंडळी, बाई बोलल्या, लोकांसमोर माझी बोबडी वळते. मी घरूनच वळून आणल्या. गरम आहेत."

सभागृह असं हसलं की छताचा पंखा उलटा फिरला. परीक्षकांनी डोळे पुसत अर्थ सांगितला, "अहो, भीतीने जीभ अडखळते, त्याला म्हणतात बोबडी वळणं."

त्याचे कान लाल झाले. सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला. तो दाराकडे वळला, थबकला, परत फिरला.

"ती पण वळते," तो म्हणाला. "पण पीठ घट्ट असलं की काहीच वळत नाही. आधी पाणी. मग हात. मग धीर. दाखवतो."

हात हवेत पीठ मळू लागले आणि जीभ त्यांच्यामागून धावली. लिंग चुकलं, वचन चुकलं, कुणाचं काही अडलं नाही. ट्रे रांगारांगांतून फिरत राहिला. मागून कुणी विचारलं, "तीळ कधी लावायचे?" त्याचंही साग्रसंगीत उत्तर आलं.

परीक्षकांनी घंटा वाजवून वाजवून शेवटी हात जोडले. "पास आहात. पहिले आलात. आता बसा."

पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. "बसा काय बसा? आमचे जावई बोलतायत."