आवाजाचं अवजार

ऑफिसात तिला सगळे खजिनदार म्हणायचे. जगात कुठे कुणा प्रोग्रामरनं एखादं कामाचं अवजार, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहून सगळ्यांसाठी फुकट मोकळं ठेवलं, की हिला त्याचा वास लागलाच म्हणून समजा. त्याचं पान उघडायचं, माहिती वाचायची, पुढेमागे लागेल म्हणून त्यावर खुणेची चांदणी लावून ठेवायची आणि दर आठवड्याला ऑफिसातल्या सगळ्यांना कळवायचं. शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्यानं एकदा विचारलं, "बाई, यातलं तुम्ही स्वतः वापरता काय काय?"

"लोक डिनर सेट घेऊन कपाटात ठेवतात ना, तसं समज," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

तिच्या आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, तिथेच रडायला लागली. आई म्हणाली, "अगं, गळा माझा जातोय आणि तू कसला काढतेस?" डॉक्टर हसले आणि जाता जाता म्हणाले, ऑपरेशनपर्यंत महिनाभर हातात आहे, तेवढ्यात आवाज रेकॉर्ड करून ठेवा. हल्ली म्हणे लिहिलेलं त्या माणसाच्याच आवाजात वाचून दाखवणारी अवजारं निघालीत.

ताईनं डोळे पुसत धाकटीकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच घरच्यांना हिच्या खजिन्याची गरज पडली होती. तिची छाती, खोटं कशाला बोला, थोडी फुगलीच.

त्या दिवसापासून ती कामाला लागली. आवाजाची अवजारं एक सोडून ढीगभर सापडली, आणि सगळी फुकट. पण एक उतरवून घ्यावं तर ते सुरूच होईना. दुसरं सुरू झालं, पण आपली भाषा वाचताना त्याच्या तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं व्हायचं. तिसरं अगदी गोड बोलायचं, पण लिहिणाऱ्यानं दोन वर्षांत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मोडलं तर कुणाच्या नावानं शंख करायचा? चौथं तिसऱ्यापेक्षा बरं निघालं आणि पाचवं चौथ्यापेक्षा. प्रत्येकाच्या तक्रारींचं पान ती तळापर्यंत वाचत गेली.

आई शिवणकाम करायची. मशिनीशी, कात्रीशी, सुईत न जाणाऱ्या दोऱ्याशी तिचं अखंड बोलणं चालू असायचं. "चल गं बाई, आता रुसू नकोस," असं मशिनीला म्हणत ती कापड पुढे सरकवायची. त्या दिवसांत घसा बसलेला होता, तरी बोलणं थांबलं नव्हतं. येता जाता विचारायची, "मग, चालू करू या का तुझं ते? मी कधीची तयार आहे."

"थांब गं आई. प्रत्येकाला वाचायला वेगळी वाक्यं लागतात. अवजार एकदा ठरू दे. उगाच दोनदोनदा घसा कशाला दुखवायचा तुझा?"

"बरं. तुला कळतं त्यातलं," असं म्हणून आई मशिनीशी बोलायला लागायची.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती सहाव्या आणि सातव्यात डावंउजवं करत होती. गाठ वाढते आहे, थांबायला नको, उद्याच भरती करा. त्या संध्याकाळी बॅगा भरण्यात, कागद शोधण्यात आणि ताईची समजूत घालण्यात कुणालाच काही सुचलं नाही. सकाळी आईला ऑपरेशनसाठी आत नेताना आई म्हणाली, "मशिनीवर कापड घालून ठेव, धूळ बसते." तेच तिच्या आवाजातलं शेवटचं.

महिन्याभरानं ती कामावर रुजू झाली आणि झालेलं सगळं दाढीवाल्याला सांगून बसली. तो बिचारा सहज बोलून गेला, "पण बाई, अवजार ठरायची वाट कशाला बघायची? आवाज साध्या फोनवर घेऊन ठेवला असता तरी चाललं असतं. अवजार काय, आज एक, उद्या दुसरं." मग तिचा चेहरा पाहून तो उगाच आपल्या पडद्यात डोकं घालून बसला.

खरंच होतं ते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायची गोष्ट, की आधी माल जपा, यंत्र नंतर बघा. ती स्वतः किती जणांना शिकवत आली होती.

मग तिनं फोन उपसला. आईच्या आवाजातले साठून राहिलेले निरोप निघाले, सगळे मिळून चारपाच मिनिटांचे. तेवढ्यावर भागवणारं एक अवजार तिच्या चांदणी लावलेल्यांतच निघालं, तीन वर्षांपूर्वी ठेवलेलं, एकदाही न उघडलेलं. ती रविवारी आईकडे गेली, लॅपटॉप उघडला आणि आईपुढे सरकवला. गळ्याला रुमाल बांधलेल्या आईनं एका बोटानं लिहिलं: चहा घेतेस का?

"चहा घेतेस का!" लॅपटॉप खेकसला.

आवाज आईचाच होता, तंतोतंत. पण कमरेवर हात ठेवलेल्या आईचा. आईनं दचकून पाहिलं आणि मग लिहिलं: बस ना जरा. "बस ना जरा!" पुन्हा तोच वसकन अंगावर येणारा सूर.

आईनं लॅपटॉप बाजूला सारून आपला फोन घेतला आणि त्यावर लिहिलं. फोनमधल्या परक्या, इस्त्री केलेल्या आवाजाच्या बाईनं ते वाचून विचारलं, "मी नेहमी अशी बोलायचे का गं?"

"नाही गं आई. हे सगळे..." ती अडखळली. "हे सगळे मी फोन उचलला नाही तेव्हाचे आहेत."

उचलला तेव्हाचं बोलणं कुठेच राहिलं नव्हतं. मग आईचं बोट हळूहळू फिरलं आणि फोनमधली बाई म्हणाली, "राहू दे तो आवाज. तू फोन उचलला नाहीस की वापरीन."

आईचे खांदे हलत होते. ती हसत होती, आवाजाशिवाय.

आता ऑफिसात आईचा फोन आला की खजिनदार हातातलं काम टाकते आणि पहिल्या रिंगला उचलते. पलीकडून लगेच काही येत नाही. आधी श्वास येतो, मग आईचं बोट अक्षर शोधत असतं तो वेळ. ती फोन कानाशी घट्ट धरून बसते. दाढीवाला काही विचारायला वळला तर हातानंच थांबवते. मग ती परकी बाई विचारते, "जेवलीस का?"